सोबत किती

बार्शी रोडला लागले आणि गाडी ओरडायला लागली.
शेजारच्या सीटवर डबा होता,
चार कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, फोडायचा कांदा.
तेवढ्या वजनाला ती माणूस समजली.
डब्याला पट्टा लावला,
तेव्हा गप्प बसली.

एकोणपन्नासाव्या वर्षी मी क्लच शिकले.
भाचा म्हणाला, मावशी, एकटी कुठं निघालीस?
नान्नजला.
काय आहे तिथं?
गवत.
त्यानं गाडीची किल्ली दिली, पण हळूहळू दिली.

सव्वीस वर्षं जकार्डची कार्डं पाडते मी.
जाड पुठ्ठा, त्यात भोकं.
भोक असेल तिथं ताणा उचलला जातो,
नसेल तिथं खाली राहतो,
आणि कापडावर मोर येतो.
तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल
आणि तिच्यावर मोर, मान जरा जास्तच वळलेली,
तर तो माझा. बहुतेक.
वळणाची ती चूक मी नंतर सुधारली नाही.

माळढोक कुणी मागितला नाही.
एकदा मीच काढून नेला आलेखाच्या कागदावर.
मालक म्हणाले, नागमणी,
असला उंच मानेचा कोंबडा अंगावर कोण घेणार?

कारंबा मागं पडलं.
उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणं लावून
मला ओलांडून गेला. ट्रॅक्टर!
ड्रायव्हरनं वाकून बघितलं, गाडीत आणखी कोण आहे.
डबा होता.

गेटवर ज्योतिराम. एका हाताची खुर्ची,
म्हणजे खुर्चीला एकच हात.
वही पुढं केली: नाव, गाव, गाडी नंबर,
सोबत किती.
मी शून्य लिहिलं.
चौकटीपेक्षा मोठं पडलं.

दिसंल का हो?
मलाच दिसून दोन वर्षं झाली, मॅडम.
मग रोज वहीत काय लिहिता?
लिवतो की. दिसला नाही. रोजचं रोज लिवतो.
मग इकडंतिकडं बघून
दोन्ही तळवे तोंडापुढं धरले त्यानं, आणि
पोटातून काढला आवाज
हूंऽऽम
नर असा बोलवायचा, म्हणाला,
पार त्या टेकाडापलीकडं जायचं.
आणि लाजून टोपी सारखी करत बसला.

आत कच्चा रस्ता. गवत गाडीच्या पोटाला घासत होतं.
एक धाविक पळाला, थांबला, पळाला,
जणू काही विसरलंय आणि आठवतंय.
मग लांडगा आडवा गेला,
पहिली पाळी चुकलेल्या कामगारासारखा,
घाईत, पण पळताना कुणी बघू नये असा.
माझा पाय सुटला. गाडी बंद पडली.

बंद पडली तेव्हा कळलं
की खटखट माझ्या कानातच आहे.
माग इथून वीस किलोमीटरवर
आणि तरी चालू.
काचा खाली करून बसून राहिले.
भाकरी मोडली तिचा आवाज आला.
कांद्याचा आला.
मग कधीतरी, कोणत्या घासाला ते सांगता येणार नाही,
गवताचा आला.

समोर सगळा माळ, पिवळा, न पाडलेल्या कार्डासारखा.
मी उगाच मोजायला लागले,
मान कुठं येईल, किती ताणे उचलायचे,
छातीवरचा काळा पट्टा कुठल्या ओळीला.
बोटं मांडीवर आपोआप चालत होती.

काचा वर केल्या.
आजूबाजूला कुणी नाही, बघितलं.
तळवे तोंडापुढं धरले.
पहिल्यांदा नुसता खोकला आला.
दुसऱ्यांदा
हूंऽऽम,
आणि डब्याचं झाकण थरथरलं, पट्ट्यातल्या पट्ट्यात.

लांब एका काळवीटानं तोंडातलं गवत तसंच ठेवून
माझ्याकडं बघितलं.
मला रिव्हर्स पडेना.
तेही हलेना.